पंपिंग २५ टक्के असताना: हार्ट फेल्युअर आणि कार्डियाक अरेस्टच्या उपचारांत काय बदललं आहे

प्रश्न थोडक्यात असा: "वडील ५८ वर्षांचे. महिन्यापूर्वी धाप आणि पायांवर सूज म्हणून ॲडमिट होते. इकोमध्ये पंपिंग २५ टक्के आलं, अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाहीत. घरी सोडताना एकदम चार औषधं आणि वर लघवीची गोळी दिली. आता वरचं बीपी ९८ असतं आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.१ चं १.३ झालंय. इतकी औषधं खरंच लागतात का, एखादी कमी करावी का? तीन महिन्यांनी आयसीडीचं (छातीत बसवायच्या शॉकच्या यंत्राचं) बघू म्हणतात. तोपर्यंत अचानक हृदय बंद पडलं तर? आणि हल्ली नवीन उपचार कोणते आले आहेत?"

आधी थेट उत्तर. एकही औषध स्वतःहून कमी करू नका. तुमच्या वडिलांना जे एकदम चार औषधांचं पान लिहून मिळालं, तीच गेल्या दहा वर्षांतली सगळ्यात मोठी प्रगती आहे. बीपी आणि क्रिएटिनिनचे जे आकडे तुम्ही दिलेत ते औषधं थांबवण्याचे आकडे नाहीत. का, ते खाली सांगतो.

त्याआधी दोन शब्द सुटे करू, कारण घराघरांत ते एकमेकांत मिसळलेले असतात. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय चालू आहे, पण शरीराला लागेल तेवढं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, किंवा ढकलतं तर आतला दाब वाढवून. हे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चालणारं दुखणं आहे. कार्डियाक अरेस्ट म्हणजे हृदयाचं पंपाचं काम त्या क्षणी थांबलं. माणूस काही सेकंदांत कोसळतो. हार्ट अटॅक तिसराच: हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीत अडथळा. अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो आणि अटॅकनंतर फेल्युअर मागे राहू शकतं, पण तिघांचे उपचार वेगळे. पंपिंगच्या आकड्याबद्दलही एक गैरसमज काढून टाका. निरोगी हृदयसुद्धा प्रत्येक ठोक्याला आतलं १०० टक्के रक्त बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ६५ टक्केच टाकतं. म्हणजे २५ टक्के म्हणजे 'हृदयाचा पाऊण भाग गेला' असं नव्हे. कमी आहे, गंभीर आहे, पण तुलना ६० शी करायची, १०० शी नाही.

आता चार औषधं. पंप कमजोर झाला की शरीराची समजूत होते की रक्तस्राव होतोय किंवा पाणी कमी पडलंय. मग मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आवळतात, नाडी वाढते. खरोखर रक्तस्राव असता तर याने जीव वाचला असता. इथे मात्र थकलेल्या हृदयावर आणखी बोजा पडतो, स्नायू ताणला जातो, हृदय फुग्यासारखं मोठं होत जातं. चारही औषधं या चुकीच्या प्रतिसादाची वेगवेगळी वाट अडवतात. म्हणून एकाचा डोस वाढवून दुसऱ्याची जागा भरत नाही.

पहिलं सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टन. २०१४ च्या पॅराडाइम चाचणीत ८ हजारांहून जास्त रुग्णांवर ते जुन्या एनालाप्रिलशी ताडून पाहिलं गेलं. हृदयविकाराने मृत्यू किंवा फेल्युअरसाठी पुन्हा भरती, हे दोन्ही धरून धोका २० टक्क्यांनी कमी झाला. सुरुवात सहसा ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, मग झेपेल तसं १०० आणि २०० पर्यंत. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. एनालाप्रिल, रॅमिप्रिल अशी '-प्रिल' वाली गोळी आधी चालू असेल, तर ती बंद करून ३६ तास गेल्याशिवाय हे औषध सुरू करत नाहीत. दोन्ही एकत्र पोटात गेल्या तर ओठ, जीभ, घसा सुजून श्वास अडू शकतो. हा घोळ बहुतेक वेळा जुन्या गोळ्यांचा डबा घरात तसाच राहिल्यामुळे होतो. डिस्चार्जच्या दिवशीच तो डबा रिकामा करा.

दुसरं बीटा ब्लॉकर. फेल्युअरमध्ये पुराव्याने सिद्ध झालेली मुख्यतः तीन: कार्व्हेडिलॉल, बायसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट. सुरुवात अगदी छोट्या डोसने, कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅम दोनदा किंवा बायसोप्रोलॉल १.२५ मिलिग्रॅम एकदा, आणि पुढे दर दोन आठवड्यांनी साधारण दुप्पट. कार्व्हेडिलॉलचं लक्ष्य २५ मिलिग्रॅम दोनदा, बायसोप्रोलॉलचं १० मिलिग्रॅम. पहिले काही दिवस थकवा वाटतो, तो बहुधा ओसरतो. अंगात पाणी साठलेलं असताना डोस चढवला तर मात्र धाप वाढते. म्हणून आधी सूज उतरवायची, मग बीटा ब्लॉकर वर न्यायचं. ते एकाएकी कधीही तोडायचं नाही.

तिसरं स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. १९९९ च्या रॅल्स चाचणीत स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यू ३० टक्क्यांनी घटले होते. जुनं, साधं औषध, आणि तरीही सगळ्यात आधी यालाच कात्री लागते, कारण त्याने पोटॅशियम वाढतं. उपाय औषध टाळण्यात नाही, रक्त वेळेवर तपासण्यात आहे: सुरू केल्यावर आठवड्याने, मग महिन्याने, नंतर दर तीन-चार महिन्यांनी. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर डोस अर्धा करतात, ६ च्या वर गेलं तर थांबवतात. पुरुषांत स्तन दुखून सुजायला लागले तर डॉक्टरांना सांगा. एप्लेरेनोनवर बदललं की हा त्रास सहसा राहत नाही.

चौथं डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. डोस चढवण्याची भानगडच नाही. हे मधुमेहाचं औषध म्हणून आलं, त्यामुळे 'बाबांना शुगर नाही, मग हे का?' असा प्रश्न हमखास येतो. २०१९ च्या डॅपा-एचएफ आणि २०२० च्या एम्परर-रिड्यूस्ड या चाचण्यांनी दाखवलं की मधुमेह असो वा नसो, फायदा तोच आणि तोही काही आठवड्यांतच दिसू लागतो. शुगर नसलेल्याची शुगर एकट्या या गोळीने सहसा खाली जात नाही. लघवीवाटे साखर जात असल्याने जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. रोज पाण्याने स्वच्छता ठेवली तर बराच टळतो. ऑपरेशन ठरलं असेल तर तीन दिवस आधी ती थांबवतात. टाइप १ मधुमेहात ही गोळी देत नाहीत.

पूर्वी ही औषधं एकामागून एक देत. पहिलं सुरू करायचं, पूर्ण डोसला न्यायचं, मग दुसरं. चौथ्यापर्यंत पोचायला सहा महिने, कधी वर्ष. त्या मधल्या काळात रुग्ण पुन्हा भरती व्हायचे. भरतीनंतरचे पहिले दोन-तीन महिने या आजारात सगळ्यात नाजूक असतात. २०२२ च्या स्ट्राँग-एचएफ चाचणीत उलट केलं. (त्यात वरच्यापैकी पहिल्या तीन वर्गांतली औषधं होती.) घरी सोडण्याआधीच अर्धे डोस, दोन आठवड्यांत पूर्ण डोस, आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या आठवड्याला तपासणी व रक्त. सहा महिन्यांत मृत्यू किंवा फेल्युअरने पुन्हा भरती झालेले १५.२ टक्के, नेहमीच्या पद्धतीत २३.३ टक्के. त्यात एकही नवं औषध नव्हतं. फरक पाडला तो वेगाने आणि वारंवार तपासण्याने. म्हणून तुमची पुढची अपॉइंटमेंट दीड महिन्यानंतरची असेल तर ती आधी करून घ्या. हा आग्रह मी मुद्दाम धरतो आहे.

बीपी ९८. प्रश्न आकड्याचा नाही, लक्षणांचा आहे. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? तोल जातो का? नसेल, तर या औषधांवर ९५-१०० बीपी चालतं. बसून आणि मग उभं राहून एक ते तीन मिनिटांनी, असं दोन्ही मोजून वहीत लिहा. अंधारी येत असेल तर आधी बाकीचं आवरायचं असतं: ॲम्लोडिपिनसारखी फक्त बीपीची गोळी चालू आहे का, प्रोस्टेटची टॅम्सुलोसिनसारखी गोळी आहे का? सूज पूर्ण उतरली असेल तर लघवीच्या गोळीचा डोस कमी करता येतो, कारण ती आराम देते, आयुष्य वाढवल्याचा पुरावा तिच्यामागे नाही. चारही औषधं सकाळी एकदम घेत असाल तर डॉक्टरांना विचारून ती सकाळ-रात्र वाटून घ्या. एवढं करूनही भागलं नाही तरच मुख्य चारांपैकी एखाद्याचा डोस एक पायरी खाली आणतात. बंद शक्यतो करत नाहीत.

क्रिएटिनिन १.१ वरून १.३ म्हणजे साधारण १८ टक्के वाढ. ही औषधं मूत्रपिंडातला दाब कमी करतात, त्यामुळे सुरुवातीला एवढा चढ अपेक्षितच असतो. ३० टक्क्यांपर्यंत वाढली आणि पोटॅशियम ठीक असलं तर औषध चालू ठेवून एक-दोन आठवड्यांनी परत बघतात. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते: रिपोर्टवर लाल अक्षर दिसलं म्हणून घरच्यांनी किंवा दुसऱ्याच कुणा डॉक्टरांनी दोन औषधं काढून टाकली, क्रिएटिनिन १.१ ला परत आलं, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि महिन्याभराने माणूस पुन्हा धापेने भरती.

उलट्या-जुलाब, तापात खाणं-पिणं बंद, असं झालं तर गोष्ट वेगळी. त्या दिवशीच फोन करून लघवीची गोळी, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन तात्पुरती थांबवायची का ते विचारा. अशा वेळी मूत्रपिंडं खरोखर कोरडी पडतात. आणि जेवणखाण पूर्ववत झालं की पुन्हा सुरू करायची तारीख तेव्हाच लिहून घ्या. थांबवलेलं सुरू करायचं राहून जातं, हे फार घडतं.

घरी बघायचं ते एवढं. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहा-नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे. त्याच दिवशी कळवा. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या जरा वर, अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. खळगा पडून तसाच राहिला तर सूज आहे, आणि तो गुडघ्याच्या दिशेने वर सरकत असेल तर पाणी वाढतंय. रात्री उशा किती लागतात तेही मोजा. एकीवर झोपणारा माणूस तिसरी उशी मागू लागला, किंवा मध्यरात्री गुदमरून उठून बसला, तर सकाळची वाट बघू नका.

गुडघे-कंबर दुखली म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेऊ नका. दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांनीही पाणी साठून भरती व्हावं लागू शकतं. विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्यांत बरंच सोडियम असतं. 'कमी सोडियम'चं म्हणून मिळणारं मीठ बहुधा पोटॅशियमचं असतं, ते स्पायरोनोलॅक्टोनबरोबर धोक्याचं आहे. पायोग्लिटाझोन आणि डिल्टियाझेम, व्हेरापॅमिल ही औषधं या प्रकारच्या फेल्युअरमध्ये नको. मिठाबाबत वरून टाकणं, लोणची-पापड, पाकिटातले पदार्थ बंद करा, तेवढं पुरे. २०२२ च्या सोडियम-एचएफ चाचणीत रोज १५०० मिलिग्रॅमच्या आत सोडियमचा कडक नियम पाळूनही भरती वा मृत्यू कमी झाले नाहीत. अळणी जेवणाने माणसाचं खाणंच तुटतं, तेही चांगलं नाही.

तपासणीतली एक खाच: सॅक्युबिट्रिल चालू असताना साधी बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ताची) तपासणी करू नका, एनटी-प्रो-बीएनपी करा. हे औषध बीएनपी मोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं, त्यामुळे बीएनपी खोटंच वाढलेलं दिसू शकतं. शिवाय फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या तपासण्या बघून घ्या, हिमोग्लोबिन ठीक असलं तरी. फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ मध्ये आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर या आजारात लोहाची कमतरता धरतात आणि शिरेतून लोह देतात. दम टिकण्यात फरक पडतो. लोहाच्या तोंडी गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही.

'पंपिंग सुधारलं की बंद करू ना?' हा पुढचा प्रश्न येणारच. ट्रेड-एचएफ नावाच्या छोट्या चाचणीत वडिलांसारखाच आजार असलेले, पंपिंग नॉर्मल झालेले, लक्षणं गेलेले ५१ जण घेतले. ज्यांची औषधं हळूहळू काढली त्यांच्यापैकी ४४ टक्के लोकांचा आजार सहा महिन्यांत परतला. ज्यांची चालू ठेवली त्यांच्यापैकी एकाचाही नाही. त्यामुळे पंपिंग ५० झालं तरी ते औषधांवरचं ५० आहे.

पंपिंग चांगलं असूनही धाप लागणारा फेल्युअरचा दुसरा प्रकार तुमच्या वडिलांना नाही, म्हणून थोडक्यात. तिथे वर्षानुवर्षं हाती काही नव्हतं. २०२१-२२ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन आणि डॅपाग्लिफ्लोझिनने तिथेही भरती कमी केल्या. २०२४ मध्ये फिनेरेनोन आलं. लठ्ठपणा सोबत असेल तर सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड या इंजेक्शनांनी चालण्याची ताकद आणि लक्षणं सुधारलेली दिसली. जाड भिंतीचं हृदय, हातांना मुंग्या, दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं ऑपरेशन झालेलं, असं एकत्र दिसलं तर अमायलॉइड (हृदयाच्या स्नायूत साचणारं विकृत प्रथिन) शोधायचा. त्यावर टॅफामिडिससारखी नेमकी औषधं आहेत, आणि ती जितकी लवकर मिळतील तितकी उपयोगी.

आता यंत्रं. आयसीडीसाठी तीन महिने थांबायला सांगितलं ते बरोबर आहे. ब्लॉकेज नसलेल्या हृदयात या चार औषधांवर पंपिंग बऱ्याचदा ३५ च्या वर जातं आणि मग यंत्राची गरजच उरत नाही. पण हे तीन महिने 'औषधं पूर्ण डोसला नेलेले' तीन महिने हवेत. अर्ध्या-मुर्ध्या डोसवर काढलेले धरायचे नाहीत. त्यानंतरही ३५ किंवा खाली राहिलं तर आयसीडीचा विचार होतो. ते हृदय बळकट करत नाही. जीवघेणी लय पकडून आतून झटका देतं, एवढंच. २०१६ च्या डॅनिश चाचणीत, ब्लॉकेज नसलेल्या रुग्णांत, आयसीडीने अचानक मृत्यू निम्मे झाले, पण एकूण मृत्यूंत स्पष्ट फरक दिसला नाही. वय कमी असेल तर फायदा जास्त. ५८ हे विचार करण्याजोगं वय आहे. ईसीजीत डाव्या बाजूचा बंडल ब्लॉक (विजेच्या वाटेतला अडथळा) असेल आणि क्यूआरएस (ठोक्याची मुख्य लाट) १५० मिलिसेकंद वा जास्त रुंद असेल, तर आयसीडीबरोबर सीआरटी या खास पेसमेकरबद्दल विचारा. दोन्ही बाजूंचं आकुंचन ते पुन्हा एका वेळी आणतं आणि पंपिंगही सुधारू शकतं. म्हणून ईसीजीची प्रत जवळ ठेवा आणि हा एक आकडा विचारून घ्या.

मायट्रल झडप खूप गळत असेल तर औषधं पूर्ण दिल्यावर पायाच्या शिरेतून क्लिप लावता येते. २०१८ च्या कोॲप्ट चाचणीत दोन वर्षांतले मृत्यू ४६ वरून २९ टक्क्यांवर आले, मात्र रुग्ण नीट निवडलेले होते. शेवटच्या टप्प्यासाठी हार्टमेट ३ सारखा डाव्या कप्प्याचा पंप आणि हृदयरोपण. २०१४ पासून, सिडनीतल्या पहिल्या यशानंतर, रक्ताभिसरण थांबून मृत्यू झालेल्या दात्याचं हृदयही यंत्रावर पुन्हा चालू करून वापरलं जातं, त्यामुळे काही देशांत दाते वाढले. मूळ पेशींपासून बनवलेले हृदयस्नायूचे पॅच आणि पूर्ण कृत्रिम हृदय यांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. दोन्ही माणसांपर्यंत पोचलेत, पण अजून नेहमीच्या उपचारांचा भाग झालेले नाहीत. त्यांच्या आशेवर आजची गोळी चुकवू नका.

अरेस्टचं आता. भीती रास्त आहे, आणि इथे घरच्यांच्या हातात खूप काही आहे.

माणूस कोसळला. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. ओ देत नसेल तर ॲम्ब्युलन्सला फोन, स्पीकरवर, फोन शेजारी ठेवा. श्वास बघा, दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. आणि इथे बरेच जीव जातात: हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं माणूस आचके देतो. तोंड उघडतं, घरघर होते, मधूनच एक खोल उसासा. घरचे म्हणतात, 'श्वास चालू आहे.' तो श्वास नाही. शुद्ध नाही आणि श्वास सरळ, नेहमीसारखा नाही, म्हणजे अरेस्ट धरायचा आणि लगेच छातीवर दाब सुरू करायचा. सुरुवातीला काही सेकंद झटके येऊन फिट आल्यासारखंही दिसतं. तोंडात चमचा, हातात कांदा, पाणी पाजणं, यात वेळ घालवू नका. नाडी शोधत बसू नका.

शक्य असेल तर जमिनीवर घ्या. गादी दाब खाऊन टाकते. एकटे असाल आणि खाली घेणं जमत नसेल तर वेळ न घालवता तिथेच सुरू करा. छातीच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात. कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर, म्हणजे दाब दंडांतून नाही, अंगाच्या वजनातून पडतो. खोली ५ ते ६ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. हात टेकलेले राहोत, पण भार सोडा. छाती वर येते तेव्हाच हृदयात रक्त भरतं आणि हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांना मिळतं. थकलेला माणूस नेमका इथे चुकतो, छातीवर रेलून राहतो. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला, आणि बदल पाच सेकंदांत. दाब थांबला की वाहिन्यांतला दाब लगेच कोसळतो आणि पुन्हा उभा राहायला बरेच दाब द्यावे लागतात. बरगडी कडकन मोडल्याचा आवाज येऊ शकतो. थांबू नका. प्रशिक्षण असेल तर ३० दाबांमागे २ श्वास, नसेल तर फक्त दाब. बुडालेल्या व्यक्तीत आणि लहान मुलांत मात्र श्वास आवश्यक.

काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

एईडी (छातीला पॅड चिकटवून विजेचा झटका, म्हणजे शॉक देणारं मशीन) जवळ असेल तर कुणाला तरी आणायला पळवा. मशीन बोलतं, तेवढं ऐका. छाती कोरडी पुसा, औषधाचा पॅच चिकटवलेला असेल तर काढा. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली. दुसरं डाव्या काखेच्या खाली, छातीच्या कडेला. बहुतेक जण हे दुसरं पॅड फार पुढे, स्तनाजवळ लावतात. मग विजेचा बराच भाग हृदयाला चुकवून जातो. युरोपियन रिससिटेशन कौन्सिलने २०२५ च्या सूचनांत याच पॅडच्या जागेवर जोर दिला आहे. आयसीडीचा उंचवटा दिसला तर पॅड त्यापासून ८ सेंटिमीटर दूर. बाई असली तर संकोचाने हात आखडू नका. अनोळखी माणसांकडून स्त्रियांना छातीवर दाब कमी वेळा मिळतो, हे वारंवार दिसलेलं आहे. 'सरळ रेषेला शॉक' हे पडद्यावरचं दृश्य मात्र विसरा. शॉक फक्त थरथरणाऱ्या किंवा अतिवेगवान लयीला असतो. रेषा सरळ असेल तर मशीन शॉक देणारच नाही, दाब चालू ठेवायला सांगेल.

घरात एईडी घ्यावा का? २००८ च्या एका मोठ्या चाचणीत, हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांच्या घरी तो ठेवल्याने मृत्यू कमी झाले नव्हते. मी तरी आधी घरातल्या प्रत्येकाला सीपीआर, म्हणजे वर सांगितलेले छातीवरचे दाब, शिकवायला सांगेन.

ॲम्ब्युलन्स आणि हॉस्पिटलच्या पातळीवर काही गोष्टी खरंच बदलल्या. तीन शॉक देऊनही घातक लय न सुटणाऱ्यांसाठी २०२२ ची डोस-व्हीएफ चाचणी महत्त्वाची. नेहमीच्याच पद्धतीने शॉक देत राहिल्यावर १३.३ टक्के लोक जिवंत घरी गेले, पॅड छाती-पाठ असे बदलल्यावर २१.७ टक्के, आणि दोन मशीननी पाठोपाठ शॉक दिल्यावर ३०.४ टक्के. पॅड बदलायला दुसरं मशीनही लागत नाही. ॲड्रिनॅलिनबद्दलची समज प्रामाणिक झाली: २०१८ च्या पॅरामेडिक-२ मध्ये ८ हजार रुग्णांत ३० दिवसांनी जिवंत ३.२ टक्के, औषधाविना २.४ टक्के, पण वाचलेल्यांत मेंदूला गंभीर इजा झालेल्यांचं प्रमाण जास्त. औषध हृदय सुरू करतं. मेंदू वाचतो तो आधी दिलेल्या दाबाने.

हृदय सुरूच होत नसेल तर एक्मो (शरीराबाहेरून रक्त फिरवून त्यात ऑक्सिजन घालणारं) यंत्रावर घेणं हा नवा मार्ग आहे. २०२० मध्ये मिनियापोलिसच्या ३० जणांच्या चाचणीत ४३ टक्के वाचले, नेहमीच्या उपचाराने ७ टक्के. २०२३ ची नेदरलँड्समधली अनेक हॉस्पिटलांची चाचणी मात्र, मेंदू शाबूत राहून वाचलेले मोजले तर, २० विरुद्ध १६ टक्क्यांवर अडकली. सराव असलेली टीम, लगेच सुरू झालेला सीपीआर आणि साधारण तासाभराच्या आत यंत्रावर पोचणं, हे सगळं जुळलं तरच उपयोग.

अरेस्टनंतर शरीर ३३ अंशांपर्यंत गार करण्याचा आग्रह ओसरला. २०२१ च्या टीटीएम-२ चाचणीत सहा महिन्यांत मृत्यू गार केलेल्यांत ५० आणि न केलेल्यांत ४८ टक्के, म्हणजे फरक नाही. आता भर ताप येऊ न देण्यावर, ३७.५ च्या खाली ठेवण्यावर आहे. आयसीयूत कुणी पहिल्याच दिवशी 'मेंदू गेला' म्हणालं, तर शांतपणे विचारा की किती तास झाले आणि झोपेची औषधं चालू आहेत का. असा निर्णय किमान ७२ तासांनंतर, औषधांचा अंमल उतरल्यावर, डोळ्यांच्या बाहुल्या, ईईजी (मेंदूच्या विजेचा आलेख), नसांची चाचणी, स्कॅन असे अनेक पुरावे एका दिशेने असतील तरच घ्यायचा असतो.

उद्या आयसीडी बसवलं आणि एक झटका बसून बरं वाटत असेल, तर त्याच दिवशी क्लिनिकला फोन. लागोपाठ दोन किंवा जास्त झटके, किंवा एका झटक्यानंतरही धाप, छातीत दुखणं, चक्कर, तर थेट हॉस्पिटल. यंत्र असूनही ते शुद्ध हरपून पडले तर सीपीआर तसाच द्यायचा. हाताला हलकी झिणझिणी जाणवली तरी देणाऱ्याला धोका नाही.

एक तुम्ही विचारलेलं नाही. ब्लॉकेज नसताना ५८ व्या वर्षी पंपिंग २५ झालं, तर दारू, विषाणूचा संसर्ग, थायरॉइड, सततची वेगवान लय ही कारणं तपासल्यावर आनुवंशिक कारण शिल्लक राहतं. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं का, कुणाला पेसमेकर होता का, हे वडिलांच्या आईच्या आणि त्यांच्या वडिलांच्या, अशा दोन्ही बाजूंनी विचारून लिहून काढा. वडिलांची जनुकीय तपासणी होऊ शकते का ते विचारा. लॅमिन या जनुकात दोष निघाला तर आयसीडीचा निर्णय पंपिंग ३५ ला येण्याआधीही घेतात. आणि तुम्ही, तुमची भावंडं, वडिलांची सख्खी भावंडं, सगळ्यांनी एकदा ईसीजी आणि इको करून घ्या, काहीही त्रास नसला तरी. नॉर्मल आला तर दर तीन ते पाच वर्षांनी पुन्हा.